पाचशे प्रतींतली खाडाखोड

सन्माननीय अध्यक्ष दिनकरराव, आजचे सत्कारमूर्ती लीलारामजी, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि चारठाण्याहून पहाटेच गाड्या जुंपून जिंतूरला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी चारठाण्याचाच, पण माझं शिक्षण हैदराबादला, इंग्रजी शाळेत झालं. मराठी अडखळलं तर सांभाळून घ्या. लीलारामजींचं घेतलंतच की! पोलीस ॲक्शन झाली त्या साली हे सिंधमधल्या शिकारपूरचे गृहस्थ खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन चारठाण्यात आले. सिंधीत दोन कादंबऱ्या लिहिलेला माणूस, पण इथं पाणीसुद्धा खुणेनं मागावं लागलं. ते पाणी दिलं कडूबाईंनी. मराठीही त्यांनीच शिकवली, आणि कापड बघता बघता स्वतःची सगळी हकीकत सांगून टाकली. दहा वर्षांनी त्या हकिकतीचीच ही मराठी कादंबरी झाली.

पहिले दोन फॉर्म, म्हणजे सुरुवातीची बत्तीस पानं, छापून आले, तेव्हा लीलारामजी ते कडूबाईंना वाचून दाखवायला गेले. मीही सोबत होतो. पुस्तकात बाईंचं नाव होतं माधवी. अख्खी ओसरी हसायला लागली. त्यांच्या जाऊबाई सारजाबाई म्हणाल्या, "या माधवीताई, शेण तेवढं भरून घ्या."

हसल्या नाहीत त्या फक्त कडूबाई. म्हणाल्या, "भाऊ, माज्या आदीची तीन लेकरं गेली. मरणाला नको वाटावं म्हणून आईनं मला कडू म्हणलं, तवा मी जगले. तुमी तिला माधवी केलं. आता ती कशी जगंल?"

आम्ही तडक छापखान्यात गेलो. छापखान्याचे मालक ते फॉर्म पुन्हा छापायला तयार नव्हते. लीलारामजी शांतपणे म्हणाले, मग पुस्तक राहू द्या. दहा वर्षांची मेहनत, मंडळी! मी हादरलोच. शेवटी पुढच्या फॉर्मांत नाव बदललं, आणि छापून झालेल्या पानांवर आम्ही दोघांनी माधवी खोडून हातानं कडूबाई लिहिलं. पाचशे प्रती. बोटं अजून निळी आहेत, बघा.

तुमच्या प्रतीत ती खाडाखोड दिसेल. दोष लेखकाचा नाही, छापखान्याचाही नाही. नायिकेला असलं नाव शोभत नाही म्हणून माधवी सुचवणारा शहाणा मीच. लीलारामजींना वाटलं, इथल्या पोराला इथलं जास्त कळत असेल.

आपण एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यातल्या चुका सभेनं पोटात घालाव्यात. त्या एका चुकीची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. कडूबाई, तुम्ही समोरच बसला आहात. द्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.