साधूंच्या हातची बियर

आमच्या वरोऱ्याच्या घरात बेल्जियमची बियर आली, अन् तीही माझ्या सोळा सोमवारांत! हसायचं तर आताच हसून घ्या.

जावई कामानिमित्त तिकडे गेले होते. येताना सासऱ्यांसाठी एकच बाटली जपून आणली. मी स्पष्ट सांगितलं, "माझं उद्यापन होईपर्यंत ही घरात उघडायची नाई."

आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. जावयांनी मला समजावलं, "मामी, ही साधी बियर नाही. तिकडच्या मठातले साधू प्रार्थना करत करत बनवतात. थोडी थोडी चाखायची असते."

हे लगेच सावरून बसले. "ऐकलं काय वं? साधूच्या हातची आहे. प्रसादच समज ना!"

"खरंच प्रसाद समजू?"

"मंग! काऊन, साधूवर भरोसा नाई तुले?"

आता साधूंना मी नाही कशी म्हणणार? बाटली उघडू दिली. देवाची पळी मात्र काढली नाही, चहाचा चमचा आणला. म्हटलं, "करा उजवा हात पुढे."

ह्यांनी तळहातावरचा चमचाभर घोट डोळे मिटून घेतला अन् सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला. जावई तोंड दाबून हसत होते.

"भारी आहे वं! आता गिलासात दे."

"प्रसाद कोणी एकटं संपवते काय?" मी म्हटलं, अन् फाटकाकडे पाहिलं. चमचा आणतानाच मी प्रसादाचं बोलावणं धाडलं होतं; शेजारचे पाच भाऊ हात धुऊन उभे होते.