दहा आकड्यांचं घड्याळ

अध्यक्ष सायेब, काका, मामा, मायबाया, समद्यायले माहा जय जिनेंद्र.

मले बोलता येत नाही. तुमाले माहीतच हाय. दुकानात गिऱ्हाइकानं दोनदा इचारलं तवा मी एकदा बोलतो. आठवीतून शाळा सोडली, तेबी याच्याचपाई. मास्तर उभं करे, धडा वाच म्हने, अन् माहा आवाजच फुटे नाही. म्हनून मी मधीच थांबलो तं मले खाली बसवू नका. थोडं थांबा. मी पुन्हा बोलीन.

शांतीकाका गेले त्याले आज आठ दिवस झाले. माहे बाबा मी लहान असतानीच गेले. तवापासून काका-काकूनंच मले वाढवलं. आत्तापर्यंत जे बोलले त्यायनं काकाचं दुकान सांगतलं. लोखंडाचं दुकान, खिळे, साखळ्या, बादल्या, माप बरोबर, जबान गोड. खरं हाय. पन तो अर्धाच मानूस झाला. बाकीचा अर्धा मी सांगतो. तुमी हसान. हसा. काकाले चाललं असतं.

काका इमानं जमा करत.

पुरं इमान नाही हो. त्याचे तुकडे. दुसरी मोठी लढाई झाल्यावर लई इमानं मोडीत निघाली, वजनावर इकली गेली. भंगारवाल्यायनं तोडली, अन् मंग कोनाच्या घरी काय गेलं याचा पत्ता नाही. काका तो पत्ता काढत. दुकान बंद राहे त्या दिवशी आमी दोघं सायकलीवर निघत जाओ. म्या मागं बसायचं, मांडीवर पोतं. गावात शिरलं की लोक देवळाकडं पाहे, काका लोकायच्या गोठ्याकडं पाहे. पत्रा हलका पाहिजे. रिबिटा, म्हनजे पत्रा जोडायचे खिळे, एका लायनीत पाहिजे. अन् आतून हिरवट-पिवळा रंग दिसला, की काका सायकल टाकून देत. भरल्या रस्त्यात.

मानोऱ्याकडं एका तांड्यावर एक बाई लांबट टाकीत म्हशीले पानी पाजून राह्यली होती. काका म्हने, "बाई, हे इमानाच्या तेलाची टाकी होय!" बाई म्हने, "मंग माही म्हैस अजून उडली काहून नाही?"

ती टाकी तिनं देल्ली नाही. काका तीन डाव गेले, तीनही डाव चहा पिऊन वापस आले.

घरी काकू म्हने, "लोकायचे नवरे बायकोसाठी लुगडं आनतेत. माहा नवरा पंखाचा तुकडा आनते. एक दिवस याच्यात बसून जाईन म्हनते मी." काका म्हने, "बस ना. मी बी येतो."

हसत जाय ते. पन मी एकडाव इचारलं. म्हटलं, "काका, तुमाले खरंच कुठं जायाचं होतं?" काका तराजू पुसून राह्यले होते. म्हने, "कुठंबी." बस, एवढंच. सोळाव्या वर्षी त्यायच्या बाबानं त्यायले गादीवर बसवलं. तवापासून दुकान उघडलं की काका आत, बंद झालं की बाहेर. इमान त्यायनं जवळून कधी पाह्यलं नाही. नुसता आवाज आला तरी गिऱ्हाईक तसंच सोडून रस्त्यावर येत.

आता घड्याळाचं सांगतो.

उत्तमभाऊ, तुमी बसले हा तिकडं. तुमच्या घरी भिताडावर एक घड्याळ टांगलं होतं. काळी तबकडी. तुमी काकाले म्हटलं, "शेटजी, हे घड्याळ लई खोटं हाय. दिवसभर हालत नाही, अन् पानी येनार असलं की लागते पळाले. अन् कंपनीनं आकडेबी दहाच देल्ले. अकरा-बारा कायले ठेवून घेतले?"

काकानं घड्याळ खाली उतरवलं, उलटं करून पाह्यलं. काका म्हने, "उत्तमभाऊ, हे घड्याळ नोय. इमान किती उंच हाय ते सांगनारं यंत्र होय हे."

उत्तमभाऊ म्हने, "मंग माहं घर किती उंच हाय?"

काकानं त्यायले बारा आकड्यांचं चालू घड्याळ आनून देल्लं अन् हे घरी आनलं. पन त्याची काटा फिरवायची खुंटी जाम होती. ती मोकळी केली वामनरावनं. वामनराव नागपूरले मीटरं, घड्याळं दुरुस्त करतेत. काका सालातून दोन-तीन डाव त्यायच्याकडं जात. भंगारबाजारात दिवसभर दोघं फिरत, लहान लेकरावानी. त्या डावी मीबी गेलो होतो. वामनरावनं मले समजावून सांगतलं. हवा हलकी झाली की काटा चढते. इमान वर गेलं तरी हवा हलकी, अन् आभाळ येनार असलं तरी हलकी. उडायच्या आधी पायलट खुंटी फिरवून काटा शून्यावर आनते, मंगच उडते. मंग त्यायनं एक बारीक इस्क्रू माह्या हातात देल्ला. म्हने, लाव. मी लावला. वामनराव काकाले म्हने, "पोराचा हात हालत नाही. पाठवा माह्याकडं. शिकवतो."

ते यंत्र काकानं गादीच्या मांगं टांगलं. रोज सकाळी पाहे. "अशोक, आज दुकान दीडशे फूट वर हाय. खाली पाहू नको, चक्कर येईन." शेतकरी खिळे घ्याले येत अन् आधी इचारत, "शेटजी, आज किती वर?" दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हनून आमचं दुकान लवकर बंद होये. बंद करताना काका खुंटी फिरवत, काटा शून्यावर आनत अन् म्हनत, "उतरलो. चाल घरी, काकू वाट पाहून राह्यली."

आता जे सांगायले मी उभा राह्यलो, ते सांगतो.

दोन सालाआधी काकानं मले नागपूरले पाठवलं. वामनरावकडं. शिकाले. काकूनं दशम्या बांधून देल्ल्या. काका सोडाले यष्टीपर्यंत आले. खिडकीतून म्हने, "जाय. एकानं तं जाव."

मी अमरावतीपर्यंत गेलो. तिथं गाडी बदलायची होती. नागपूरची गाडी लागली. लोक चढले. मी उभाच. माह्या डोक्यात एकच. तिथं दुकानात चार मानसं असतीन. ते इचारतीन, नाव काय? कुठून आला? कोनं पाठवलं? अन् माहा आवाज फुटनार नाही. ती गाडी गेली. दुसरी लागली, तीबी गेली. बाकड्यावर बसून दशम्या खाल्ल्या अन् वापस आपल्या कारंज्याच्या गाडीत बसलो.

काका दुकानातच होते. म्हने, "काय झालं रे?"

मी म्हटलं, "जागा नाही म्हने."

बस. एवढंच बोललो. आयुष्यात एक डाव आवाज बरोबर फुटला, तो खोटं बोलाले फुटला.

काकानं हातातला तराजू खाली ठेवला. मंग म्हने, "सोता बोलावलं, अन् माह्या पोराले दारातून वापस धाडलं?" त्या दिवसापासून काका नागपूरले गेले नाहीत. वामनरावची दोन पत्रं आली. काकानं फोडली नाहीत, खिळ्याच्या डब्यात टाकली. अजून तिथंच हायेत. मंग गावाकडं फिरनंबी बंद झालं. मी म्हटलं, "काका, चाला ना." तं म्हने, "पुरे झालं आता." सायकल भिताडाले लागली ते लागलीच. गादीवर काका, बाजूले मी. समोर रस्ता. दोन सालं. तुमी म्हनान, तवाच काहून नाही सांगतलं? रोज सकाळी ठरवे, आज सांगतो. गिऱ्हाईक ये. दुपारी ठरवे. संध्याकाळी काका काटा शून्यावर आनत, अन् दिवस गेला. दुकानाले दार तं होतंच, उघडंच होतं. पन आमी दोघंबी आत, अन् कडी माह्या तोंडात.

आज सकाळी वामनराव घरी आले. मले पाहून म्हने, "बेटा, त्या दिवशी तू आलाच नाही. मी संध्याकाळपर्यंत दुकान उघडं ठेवून बसलो होतो." काकू तिथंच होती. काकूनं माह्याकडं पाह्यलं. रागावली नाही. पानी आनून देल्लं त्यायले, अन् मंग मले आत बोलावून म्हने, "अशोक, आज सभेत उभा राह्य. पोटात जे हाय ते बोल."

म्हनून उभा हाय. काकू, माहं चुकलं. काकाले मी जित्तेपनी हे सांगू शकलो नाही.

आत्ता अध्यक्ष सायेब बोलले, अशोक साधा पोरगा हाय, गादी सांभाळंन, कुठं जानार नाही. समद्यायनं माना डोलावल्या. सायेब, मी गादी टाकून देनार नाही. काकूले टाकून तं मुळीच नाही. पन "कुठं जानार नाही" हे आयकून माहा जीव घाबरा झाला. काकाबद्दलबी चार लोकायत कोनीतरी असंच बोललं असंल. ते सोळा सालाचे होते तवा.

वामनराव, मी तुमाले जागा मागून राह्यलो नाही. कोन्या तोंडानं मागू? तुमी काकाशी वाईट वागले नाहीत, हे पंचायच्या समोर सांगून राह्यलो. अन् त्या दिवशी तुमच्या दारात उभं राहून जे बोलायचं होतं, ते आज बोलतो.

माहं नाव अशोक. कारंज्याहून आलो. मले शांतीकाकानं पाठवलं.

झालं. एवढंच होतं. किती सोपं होतं.

हे यंत्र मी संगं आनलं. पाहा. काका गेले त्या दिवशी सकाळी मले म्हने, "आज अडीचशे फूट. आभाळ हाय." मंग खिळे तोलता तोलता खाली बसले, ते उठले नाहीत. संध्याकाळी खुंटी कोनी फिरवली नाही. आठ दिवस झाले, काटा आपल्या मनानं वर-खाली होऊन राह्यला. काका अजून उतरले नाहीत.

तुमी समदे दोन मिनिटं उभे राहा. कोनी बोलू नका. मी हा काटा शून्यावर आनतो. माहा हात हालत नाही, वामनरावले माहीत हाय.

काका, उतरा. काकू इथंच हाय.

जय जिनेंद्र.