बसायचं काम

येसूबाई: एवढंच सांग, तू पाणी काढतोस का भरतोस?

नामदेव: भरतोय, आये.

येसूबाई: होडीत?

नामदेव: होडीतच. तो पाइप पायाखाली नको घेऊ.

येसूबाई: तुझ्या बापाचा जन्म गेला होडीतलं पाणी उपसण्यात. आणि तू पंप लावून भर.

नामदेव: मोकळं नाय भरत. ती काळी पिशवी बघ, गादीसारखी. तिच्यात भरतो, मग तोंड बंद. शेठचा पोरगा परदेशातून घेऊन आला.

येसूबाई: परदेशातून पिशवी आणली आणि पाणी आपल्या शिरगावच्या खाडीचं?

नामदेव: पाणी कुणी विमानातून आणतं काय? होडीची मागची बाजू जड झाली की ती खोल बसते. खोल बसली की मागं लाट मोठी उठते. तो पोरगा फळीवर उभा राहतो, दोरी धरून. मी होडी पळवतो आणि तो लाटेवरून उडी मारतो.

येसूबाई: कुठं जायला?

नामदेव: कुठं नाय. खेळ हाय तो.

येसूबाई: आमी लाट चुकवायला देवाला नारळ देतो. हे लाट करायला पंप लावतात. बरं, आणि ही दुसरी पिशवी? अशी पडलीय, सुकवलेल्या मुशी माशासारखी.

नामदेव: ती फाटली.

येसूबाई: गेल्या रविवारी.

नामदेव: हं.

येसूबाई: आणि होडी कलली.

नामदेव: कोण म्हणालं?

येसूबाई: चिंतूची बायको. मासळीबाजारात, चारचौघींत. तू घरी आलास, जेवलास, भिंतीकडं तोंड करून झोपलास. पोटचा पोरगा बुडत होता ते मला बोंबील विकताना कळतं.

नामदेव: बुडत नव्हतो. खाडी अरुंद हाय. होडी परत फिरवली की आपलीच लाट आडवी येते. त्यात एका अंगाची पिशवी फाटली, पाणी सगळं खाली सांडलं, इकडून तिकडं. काठावरून थोडं पाणी आत आलं, बस.

येसूबाई: आणि होडीत कोण कोण होतं?

नामदेव: पाहुणे. शेठ. रामकिसन.

येसूबाई: रामकिसन कोण?

नामदेव: शेठच्या कंपनीतला कामगार. बोईसरला राहतो. जालन्याकडचा.

येसूबाई: त्याला कसली हौस उड्या मारायची?

नामदेव: त्याला बसवला होता. वजनाला.

येसूबाई: ...काय म्हणालास?

नामदेव: शेठला लाट अजून मोठी पायजे होती. म्हणाला, जाडजूड माणूस आण कंपनीतनं, मागं बसव.

येसूबाई: आणि आज ही पिशवी फाटलेली. म्हणजे आज किती बसवणार?

नामदेव: दोन.

येसूबाई: वाळू भर की पोत्यात! किनारा पडलाय सगळा.

नामदेव: मी तेच म्हटलं. शेठ म्हणाला, पांढऱ्या गाद्या हायत, वाळूनं खराब होतील. मी म्हटलं, धोंडे? तर म्हणाला, ओरखडे पडतील.

येसूबाई: माणसानं पडत नाय ओरखडा.

नामदेव: आंघोळ करून यायला सांगितलंय त्यांना.

येसूबाई: नामू, तुझा बाप होडीत भाराला धोंडे कसे लावायचा, बघितलंस ना तू? किल्ल्याखालचे गोल धोंडे. एकेक हातानं लावायचा, दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचा नाय. मग या काठावरून त्या काठावर चालून बघायचा. होडी हलली तर सगळे काढून पुन्हा लावायचा. जाळ्यात मासळी आली की तेवढे धोंडे दर्यात टाकायचे. मासळीच भार व्हायची. कधी धोंडा जागचा उठून पळाला काय?

नामदेव: धोंडा कशाला पळेल?

येसूबाई: तेच सांगते. धोंड्याला भीती नाय. माणसाला हाय. होडी कलली की माणूस उठतो, आणि सगळे एकाच अंगाला धावतात. तुझी हंसामावशी...

नामदेव: आये, दर वेळी तेच.

येसूबाई: दर वेळी तेच, कारण माणसं तीच. एडवणहून वऱ्हाड येत होतं. दर्या असा, ताटासारखा. कुणीतरी ओरडलं, मोठा मासा उसळला बघा, आणि सगळं वऱ्हाड बघायला एका काठाला. वारा नव्हता, लाट नव्हती. होडी पालथी झाली. मी वल्ह्याला लटकले म्हणून वाचले. हंसाच्या अंगावर माझा नवा शालू होता. मीच नेसवला होता.

नामदेव: ठाऊक हाय मला. म्हणून तर झोप नाय लागली. रामकिसन घाबरून उठला ना, तेव्हा मी त्याला लाथ घातली. खाली पाडला. मोठा माणूस, आये. बापाच्या वयाचा.

येसूबाई: बरं केलंस.

नामदेव: तो रडला. पाहुणे व्हिडिओ काढत होते.

येसूबाई: आज कोण येणार?

नामदेव: एक रामकिसनच येणार होता, पण तो नाय येत आता. आणि दुसरा... मारुती.

येसूबाई: आपला मारुती? पडवीत राहतो तो?

नामदेव: फोरमननं नाव दिलं. मी नाय सांगितलं.

येसूबाई: अरे, त्याची बायको साखर पोटुशी हाय! आणि तो विहिरीत वाकून बघत नाय. गटारीवरून उडी मारताना चप्पल हातात घेतो.

नामदेव: हळू बोल. आला तो.

मारुती: राम राम, मावशी! नामदेवभाऊ, झालं का तुमचं पानी भरून? ही कापडं बगा, साखरबाईनं इस्त्री करून दिली. तांब्यात निखारे घालून. म्हनली, होडीत बसायचं तर नीट बसा, शेठलोकं असत्यात.

येसूबाई: बूट घालून आलास?

मारुती: लग्नातले हायेत. बसायचंच काम हाय न्हवं? कुठं चालायचंय?

नामदेव: मारुती, ऐक. आज तू नको येऊस.

मारुती: का वं?

नामदेव: पाणी बरोबर नाय आज.

मारुती: पानी तर गप पडलंय. म्हशीवानी.

नामदेव: मी सांगतो ना. घरी जा. पोट दुखतंय म्हणून सांग.

मारुती: दुसरा कुनी ठरवला का तुमी? सरळ सांगा. कंपनीतल्या त्या पाटन्याच्या लोकांपैकी ठरवला का?

नामदेव: कुणी नाय ठरवला.

मारुती: मग मला का माघारी धाडता? तुमच्या पडवीत राहतो, भाडं येळेवर देतो. पहिल्या साली वाळल्या मासळीच्या वासानं साखर ओकायची, तरी कधी तक्रार केली न्हाई. आता तिलाच बोंबलाचे डोहाळे लागलेत.

येसूबाई: वासाचं नाय रे बाबा. तुझ्याच भल्याचं बोलतो तो.

मारुती: मावशी, मला म्हाईत हाय. गेल्या ऐतवारी होडी कलली. रामकिसनचाचानं सांगितलं.

नामदेव: ठाऊक हाय तरी आलास?

मारुती: त्यानं फोरमनला सांगितलं, आता मी बसनार न्हाई. सोमवारी त्याला गेटवरच थांबवला. कंत्राटदार म्हनला, काम न्हाई. आन मला फोरमन म्हनला, मारुती, तू बस, शेठच्या डोळ्यांसमोर ऱ्हा, या खेपेला पर्मनंटमधी तुझं नाव घालतो. डोळ्यांसमोर ऱ्हायला मिळतंय, भाऊ. मी तिथं ॲसिडची पिंपं धुतो. मला कोन बगतंय तिथं?

येसूबाई: आणि बुडालास म्हणजे?

मारुती: मावशी, आमच्याकडं शेतात वखर हलका पडला की वर दगड ठेवत्यात. दगड न्हाई घावला तर पोराला बसवत्यात. मी लई बसलोय. बैल चालले की बसल्या बसल्या झोप यायची. वजनाचं काम मला काय नवं न्हाई.

येसूबाई: वखरावरून पडलास तर मातीत पडलास.

मारुती: मातीत पडून तरी काय झालं? मातीनं तर हाकललं.

नामदेव: जाकिटं पाचच हायत. पाहुणे पाच, शेठ-पोरगा धरून. मी गेल्या खेपेला रामकिसनच्या कमरेला रिकामा कॅन बांधला होता. पाहुणे हसायला लागले. शेठ म्हणाला, सोड ते, व्हिडिओत घाण दिसतं. मी सोडला. माझ्या हातानं सोडला.

मारुती: मग मलाबी नका बांधू.

नामदेव: मी जातच नाय आज. शेठला सांगतो, ताप आला.

येसूबाई: सांग. आत्ताच्या आत्ता सांग. मी म्हणते, नोकरी गेली तर जाऊ दे.

मारुती: आन मग चिंतू चालवंल.

नामदेव: चिंतू इथं कुठं हाय?

मारुती: चिंतूभाऊ तिकडं नारळाखाली बसलेत, मी येताना बगितलं. फोरमननं त्यांनाबी बोलावून ठेवलंय. तुमी न्हाई तर ते. मला तर बसायचंच हाय, भाऊ. तुमी चालवा न्हाई तर चिंतूभाऊ चालवू द्या.

येसूबाई: चिंतू! तो टमटम चालवतो तशी होडी चालवतो. वळायच्या आधी हात बाहेर काढतो.

मारुती: म्हनून म्हनतो, मावशी. तुमी यांना सांगा.

नामदेव: मला काय सांगणार? मला सगळं कळतंय. हळू चालवलं तर लाट होत नाय, लाट नाय झाली तर शेठ ओरडतो. जोरात चालवलं तर वळण घ्यायला जागा नाय. माझ्या हातात काय हाय?

येसूबाई: वळण तुझ्या हातात हाय. परत फिरताना आधी होडी थांबव. लाट पुढं निघून जाऊ दे, मग फिरव.

नामदेव: पोरगा पाण्यात पडेल. दोरी सैल झाली की तो उभा राहत नाय.

येसूबाई: पडू दे. त्याच्या अंगात जाकीट हाय. सांग, इंजिनात प्लास्टिक अडकलं. खाडीत मासळीपेक्षा तेच जास्त हाय, खोटं नाय वाटणार. किती वेळा शिव्या देईल? दे म्हणावं. मारुती, इकडं ये. बूट काढ.

मारुती: काढायचे?

येसूबाई: काढ. पाय धुऊन ये तिकडून. बूट माझ्याकडं दे, टोपलीत ठेवते. लग्नातले बूट खाऱ्या पाण्यानं जातील.

(मारुती पाय धुवायला जातो.)

नामदेव: म्हणजे तू म्हणतेस, जा.

येसूबाई: मी नाय म्हणत. पण तो जाणारच हाय. आणि चिंतूच्या हातात मी त्याला देणार नाय. शेठला दोन वजनं पायजेत ना? दुसरं कोण?

नामदेव: फोरमन कुणाला तरी धाडेल पलीकडच्या धक्क्यावर. पाहुणे तिथंच चढणार.

येसूबाई: नको. अजून एक न पवणारा घेऊन काय करशील? मी बसते.

नामदेव: आये!

येसूबाई: भरलेली हाय मी. दोन पिशव्यांएवढी.

नामदेव: शेठ काय म्हणेल?

येसूबाई: त्याला किलो पायजेत का मिशा? सांग, ही म्हातारी हलत नाय.

नामदेव: आपल्याकडच्या बायका कामाच्या होडीत बसत नायत. तू तर त्या वऱ्हाडानंतर...

येसूबाई: नाय बसले. तुझा बाप नवी होडी घेऊन आला तेव्हा तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला कुंकू लावलं ते पण काठावर उभी राहून. म्हणून काय झालं?

नामदेव: आये, तुला पवता येत नाय.

येसूबाई: मारुतीला कुठं ठाऊक हाय?

नामदेव: मी दोघांना कसं बघू? होडी उलटली तर मी कुणाला धरू?

येसूबाई: उलटली तर त्याला. आताच ठरवून ठेव, मग विचार करायला वेळ नाय मिळत. पण उलटणार नाय. कुणी उठलं नाय तर होडी उलटत नाय. मी त्याला उठू देणार नाय. मांडीवर हात ठेवून बसेन, बाप पोराला बसवतो तशी.

नामदेव: तू नको येऊ, आये. पाया पडतो.

येसूबाई: तो आला. तोंड पूस.

मारुती: गार हाय पानी! मावशी, तुमी कुठं चढताव?

येसूबाई: तुझ्याबरोबर. मलापण बघायचंय शेठचा पोरगा कसा उडतो ते. हात दे. अस्सं. तू इथं बस, मधोमध. पाठ टेकव. हा कॅन घे, रॉकेलचा हाय पण धुतलेला. दोरी कमरेला बांध आणि वरून माझी ही चादर घे. थंडी वाजते म्हणून सांग.

मारुती: भर उन्हात?

येसूबाई: ताप हाय म्हणून सांग. आणि नीट ऐक. आमच्या होडीवरची रीत हाय. तांडेल नाव घेऊन हाक मारेपर्यंत कुणी जागचं उठत नाय. पाणी आत आलं तरी नाय. कुणी ओरडलं तरी नाय. पाहुणे उठले, नाचले, शेठ स्वतः उठ म्हणाला, तरी नाय. नामू तुझं नाव घेईल तेव्हाच उठायचं. काय?

मारुती: नाव घेतल्याबिगर उठायचं न्हाई.

येसूबाई: पुन्हा बोल.

मारुती: नाव घेतल्याबिगर उठायचं न्हाई. मावशी, कॅन एकच हाय. तुमाला?

येसूबाई: मला कशाला?

मारुती: हां, तुमचं काय, तुमी दर्यावरच्या. ल्हानपनापासून पवत आसाल.

येसूबाई: तर काय! मांडी घाल. हलू नको.

नामदेव: आये...

येसूबाई: तू पुढं बघ, नामू.