माझ्याच पाठीच्या दोन फिल्म

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मोठे सर, धाकटे सर, आजवर माझ्यासमोर श्वास रोखून उभे राहिलेले रुग्ण बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे,

आपल्या या कायरोप्रॅक्टिक दवाखान्यात मी सव्वीस वर्षं एक्स-रे काढले. आज निवृत्त होताना माझ्याबद्दल एवढं गोड बोललात, मी आभारी आहे. आठवण म्हणून वेटिंग रूममधली ती फ्रेमही दिलीत. 'उपचाराआधी' वाकडा कणा, 'उपचारानंतर' सरळ. ती पाहून किती जणांना धीर आला असेल, नाही का?

ती माझी पाठ आहे.

नवीन मशीन आलं तेव्हा ते तपासायला मीच उभी राहिले. पहिल्या फिल्मला भार एका पायावर होता, दुसरीला दोन्ही पायांवर. मध्ये दहा मिनिटं आणि एक कप चहा. मोठे सर म्हणाले, "छान आल्यात. आधी-नंतर लिहून बाहेर लावा." मी विचारलं, "नंतर म्हणजे कशानंतर, सर?" सर हसले. मीही हसले आणि लावल्या.

पाठदुखीला इथे आराम पडतो, ते मी नाकारत नाही. पण बहिरेपण असो की दमा, दोष सरकलेल्या मणक्याचाच? पुरावा विचारला की सरांचं उत्तर ठरलेलं, "शंभर वर्षांची विद्या आहे, हातांना कळतं." मग सर, हातांना कळत होतं तर भिंतीवर माझी पाठ कशाला टांगली?

आमचे हे शिंपी. बोटं बधिर झाली, सुई निसटायला लागली. मला म्हणाले, "तू तिथलीच आहेस, खरं सांग, गुण येतो का?" आणि मी, सगळं माहीत असून, त्या फ्रेमकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं इतरांना दाखवून दाखवून मलाच ती खरी वाटायला लागली होती. अकरा महिने सर ह्यांची मान कडकड मोडून मणका 'बसवत' राहिले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तर सर्जन एवढंच म्हणाले, "फार उशीर केलात."

माझा संताप सरांवर आहे, आणि त्याहून जास्त माझ्यावर आहे.

फ्रेम मी घरी नेते, ती परत भिंतीवर जाणार नाही. आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. जे इतकी वर्षं बोलले नाही, त्याची क्षमा मात्र सभागृहाकडे मागत नाही, ती घरी मागायची आहे.

आणि कृपा करून टाळ्या नकोत. पहिल्या रांगेतल्या एका माणसाला त्या वाजवता येत नाहीत.