नांगराला गांडूळ

हसू नका, आधी ऐका. जे. पी. नगरच्या आमच्या मन्याने बोटीच्या दोन्ही बाजूंचे मासे दाखवणारं सोनार मशीन घेतलं. आम्ही दोघांनी तळ्यात मधोमध नांगर टाकून ते चालू केलं, तर लगेच डावीकडे मासा!

“मन्या, हा मासा स्क्रीनवर लांबलचकच होत चाललाय.”

“रेंज कमी कर.”

“केली. आता बोटीएवढा झाला!”

“स्वल्प कॉन्ट्रास्ट वाढव.”

“कॉन्ट्रास्ट गेला खड्ड्यात, निघू या!”

घाबरून नांगर वर ओढला, मासा गायब. पुन्हा टाकला, मासा हजर. तीनदा हेच.

मन्या विचार करून म्हणाला, “त्याला नांगर आवडतोय रे. गळ राहू दे, नांगरालाच गांडूळ लाव.”

आणि मी, इंजिनिअर माणूस, लावलं! तो मासा म्हणजे नांगराचा दोर होता, हे डोक्यात शिरलं ते परतताना, बनशंकरीच्या सिग्नलला.