पाक गुरू सोडून सगळे

...नाही, मी म्हणतो, नीट लिहिलं तर बोटं झिजतात का? सगळे स्वर गाळून नुसती व्यंजनं सोडतात ग्रुपवर, वाचताना भातात खडे लागल्यासारखं होतं! आणि तो दोनचा आकडा... शब्द दोनदा म्हणायचा असला की एकदाच लिहायचा आणि पुढे दोन ठोकायचा. 'सावकाश२ या.' 'मुलं२ कुठेयत?' अरे, भाषा आहे का पाढे? तुम्हाला सांगतो, उभा जन्म इथे क्लातेन गावच्या शाळेत भाषा शिकवली मी, म्हणून सगळे मला 'पाक गुरू' म्हणतात, 'पाक' हा आमच्याकडे मानाचा शब्द, निम्मी आळी माझ्या हाताखालून गेलीय, आणि त्याच आळीच्या ग्रुपवर रोज सकाळी उठून हे वाचायचं! मग मी काय करायचो? मेसेजच्या खाली एक चांदणी काढायचो आणि पुढे बरोबर शब्द लिहायचो. रागावलो का कुणावर? छे! चांदणी आणि शब्द. संपलं.

हळूहळू ग्रुप शांत झाला. मी बायकोला म्हटलं, "सुमार्सिह, बघितलंस? सुधारले!" ती 'हं' म्हणाली. या बाईचं 'हं' मला अजून कळलेलं नाही.

तर, आमच्या वेनिंगचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, लग्न दारातच करायचं. आणि दारातलं लग्न म्हणजे रेवांग आलंच. आचारी कोण लावतो आमच्याकडे? आळीतल्या बायका आपापली सुरी आणि पाट घेऊन येतात, दोन दिवस कांदे सोलतात, नारळ खवतात, फणस शिजवतात, आणि बाप्ये मांडव घालतात. त्यासाठी यजमानाने घरोघर जाऊन हात जोडायचे असतात, 'येताय ना?' म्हणायचं असतं. बायको म्हणाली, "अहो, जाऊन या एकदा." मी म्हटलं, "ग्रुप कशाला आहे मग?" आणि बसून निमंत्रण लिहिलं. काय सांगू तुम्हाला! एक वेलांटी इकडची तिकडे नाही! स्वल्पविराम असे, की वाचणाऱ्याने तिथे थांबून श्वास घ्यावा. शेवटी लिहिलं, 'कृपया येत असल्याचे लेखी कळवावे.'

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या ना! उत्तर? एकाचंही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही... मला वाटलं निमंत्रणात चूक राहिली की काय, म्हणून पुन्हा वाचलं. नव्हती हो!

लग्न तोंडावर आलं, सगळ्या गावाला पत्रिका गेलेल्या, आणि स्वयंपाकाला माणूस नाही. वेनिंग रडकुंडीला आली. म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना काय व्याकरण वाढणार आहात?" लागलं मला ते. पोटची पोर बोलली ना! मग मी शहरातल्या एका आचाऱ्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, 'होऊन जैल पाक, कळजी नको, चिंता२ सोडा.' आता तुम्हीच सांगा, मी तरी किती सहन करायचं? गरज माझी होती, मान्य आहे, पण बोट आपोआप गेलं. तीन चांदण्या. त्याने मला ब्लॉक केलं! नीट लिहिलं तर बोटं झिजतात का, एवढंच विचारायचं होतं मला, तेही जाईना.

आता लाज काय आणि काय! सकाळी उठलो, म्हटलं, जातो दारोदार, पाया पडतो. चपला घालतोय तोच फाटकाशी हा गलका! बघतो तर अख्खी आळी. हातात सुऱ्या. पाट. डोक्यावर पातेली. पुढे बु तुमिनी, माझ्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. "पाक गुरू, चूल कुठे मांडायची?"

"अहो, मग उत्तर का नाही दिलंत?"

"लिहून? आणि तुम्हाला?" कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी सासू गेली तेव्हा मी ग्रुपवर कळवलं. डोळ्याला धार लागलेली माझ्या. आणि खाली तुमच्या चार चांदण्या! त्या दिवसापासून तुमच्या ग्रुपवर मी शिंकत नाही."

आता, मी नंतर सांत्वनाचं लिहिलं होतं हो. शुद्ध लिहिलं होतं. पण ते तिला त्या वेळी सांगवेना मला. मान खाली गेली.

मग तिनेच फोन पुढे केला. आळीचा दुसरा ग्रुप! नाव काय, तर 'पाक गुरू सोडून सगळे'. त्यात सगळं ठरलेलं... नारळ२ कोण आणणार, पातेली२ कुणाची, पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या अंगणात लावायच्या, आणि मधे कुणीतरी लिहिलेलं, 'आपली वेनिंग आहे, काय कमी पडू द्यायच नाही.' तुम्हाला सांगतो, एक वाक्य धड नव्हतं त्यात. आणि मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले.

डोळे पुसून वर बघितलं. ग्रुपची अ‍ॅडमिन कोण? सुमार्सिह! माझी बायको! "तुला ठाऊक होतं? आणि मी इतके दिवस तळमळत होतो ते?"

"जाऊन या म्हटलं होतं ना मी," म्हणाली, आणि कांदे सोलायला बसली.

लग्न झालं. असं झालं की लोक अजून फणसाच्या भाजीचं नाव काढतात. मलाही त्या ग्रुपात घेतलं, पण बायकोची अट आहे, अक्षर लिहायचं नाही, फक्त चित्रं पाठवायची. तेव्हापासून कुणाला मूल झालं, मी नाचणारं मांजर पाठवतो. कुणी आजारी पडलं, हात जोडलेलं मांजर. 'कळजी नको' वाचतो, दात-ओठ खातो, आणि मांजर पाठवतो.

परवा आळीचे प्रमुख, पाक गितो, रस्त्यात भेटले. माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "पाक गुरू, हल्ली फार सुंदर लिहिता हो तुम्ही!"