मासोयाईचं कार्ड

मी अंजनगावाकडचा. बापाचं वावर होतं, शाळा दोन बुकं. पन पान्यात माहा हात कोनी धरत नव्हतं. इहिरीत घागर पडली, बादली पडली, बोलवा नामदेवाले. कधी मानूसही काढला. काय सांगू तुमाले ताई, इहिरीच्या बुडाशी निसता अंधार, हातानंच चाचपा लागे.

साठ सालाच्या मांगंपुढं अकोटात एक ठेकेदार आला, त्यानं माही बुडी पायली अन् म्हने चाल अंदमानले, तिथं धक्का बांधून राहिलो, पान्याखाली दगड बसवाले मानसं पायजे. सुभद्रा, माही बायको, म्हने, इहिरीतले मुडदे सरले काय जी, आता समुद्रातले काढाले जाता? मी हासलो अन् गेलो.

तिथं खाडी होती, तिकून डोंगर, इकून डोंगर, पानी कसं तलावावानी. पाठीवर हवेचं नळकांडं बांधलं, तोंडात नळी, डोयावर काच, अन् खाली गेलो तं उजेड! काय सांगू तुमाले, समुद्राच्या पोटात उजेड! मासोया पिवया, मोरपंखी, एकीवर काये पट्टे, एक येऊन माह्या काचेलेच तोंड लावे. अकोटच्या बाजारातलं लुगड्याईचं दुकान पान्यात उलटं झाल्यावानी. दगड राहिला हातात, वरून दोर हासडला तवा आलो.

त्याच दिवशी कार्ड लिवलं, वाकडंतिकडं, सगया मासोया लिवल्या. होडीत ते भिजलं, एक कोपरा लोंबून राहिला, तो मी तोडून फेकला अन् कार्ड टपालाच्या डब्यात टाकलं. तुमी म्हनसान, कोपरा फाटलं कार्ड म्हंजे मयतीचं, हे तुले माहीत नव्हतं काय? होतं. माहा बाप मेला तवा सोयऱ्याईच्या कार्डाचे कोपरे मीच फाडले होते. पन त्या दिवशी डोक्यात मासोयाच होत्या.

तसलं कार्ड आमच्याकडं घरात घेत नाहीत. पोस्टमनच्या हातात ते पायलं अन् मायनं दारातच हंबरडा फोडला, अंदमानात आमचं दुसरं होतं कोन? पोस्टमन म्हने वाचून तं घ्या. भाऊबंद म्हनत, मेल्याचं काय वाचता, अन् फाडून गटारात टाकलं. सुभद्राच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. पोटात चार महिन्याचं होतं, ते तेरवीच्या आधीच गेलं.

मी दिवाईले घरी आलो. माय म्हने देव पावला. सुभद्रा जागची उठली नाही. मायनं नव्या बांगड्या भरल्या, तिनं भरू देल्ल्या. मी सांगाले गेलो, अवं, कार्डात लिवलं होतं मी, खाली कशा मासोया, तं म्हने, बस करा. पुन्हा लेकरू झालं नाही. समुद्राकडं मी पुन्हा गेलो नाही. तिनं भाकरी थापल्या, वावर केलं, बोलली, हासली बी, पन हे एक कधी काढू देल्लं नाही.

अवंदा सुभद्रा गेली. बाया ओटी भरता भरता म्हनत, नशिबाची होये, कुंकू लेऊन अहेव गेली. अहेव! एकडाव तं म्या जित्या नवऱ्यानं रांडव करून टाकलं होतं तिले.

आठ दिवस खाटीवर होती. मी उशाशी बसून राहो, वाटे आता तरी इचारन, काय लिवलं होतं जी कार्डात. नाही इचारलं. तुमी इचारलं, म्हून सांगतलं. घ्या लिवून, तुमचं भलं होवो. पन हे होतं तिच्यासाठीचं.